कॉलनीतली मोकळी जागा

मी नांदेडची. लग्न होऊन लातूरला आले आणि त्याच वर्षी भूकंप झाला. सासरची गल्ली, किराण्याचं दुकान, शेजारणींचे चेहरे, काहीच अजून ओळखीचं झालं नव्हतं. एका पहाटे सगळी कॉलनी अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत येऊन उभी राहिली. आमच्या भागात घरं पडली नाहीत. भिंतींना भेगा गेल्या, कुठं कंपाउंड आडवं झालं, एवढंच. माणसं गेली ती तिकडं किल्लारीच्या बाजूला. पण त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडं कुणी छताखाली झोपायला तयार नव्हतं.

ती ले-आउटमधली खुली जागा. नकाशात बाग दाखवलेली, प्रत्यक्षात काटेरी झुडपं आणि मधोमध एक कडुलिंबाचं झाड. कॉलनीची आणि माझी ओळख तिथंच झाली. सतरंज्या, ताडपत्र्या, साड्यांचे आडोसे, रांगेनं मांडलेले स्टोव्ह. कोपऱ्यावर वेल्डिंगचं दुकान होतं. त्याचे मालक, ज्यांना सगळी कॉलनी चाचा म्हणायची, त्यांनी दुकानातले पाइप आणून पटापट सांगाडे उभे केले. आमच्या घराचं फाटकही त्यांच्याच हातचं. माझ्या सासऱ्यांचे ते मित्र, त्यामुळं मला पहिल्या दिवसापासून ‘बेटा’ म्हणायचे. ज्या दोन घरांचं कंपाउंडवरून भांडण होतं, त्यांच्या बायका एकाच तव्यावर आळीपाळीनं भाकरी टाकत होत्या. आमच्या सासूबाई नंतर म्हणायच्या, असा शेजार पुन्हा कधी बघितला न्हाई.

शेजारच्या घरात बाई राहायच्या. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, एकट्या. त्यांची बहीण किल्लारीजवळच्या एका खेड्यात दिली होती. ते घरच राहिलं नाही. बाई तिकडं जाऊन आल्या, लिंबाखाली बसल्या आणि बोलेनाशा झाल्या. सासूबाई ताट त्यांच्या हातात द्यायच्या आणि जेवून होईपर्यंत समोर बसायच्या. पुढं हळूहळू सगळे आपापल्या घरात गेले. बाई मात्र लातुरात होत्या तोवर व्हरांड्यातच झोपल्या. खाट दाराशी, पायताण खाटेखाली, व्हरांड्याच्या जाळीला कधी कडी नाही.

लग्नाआधी मी पुण्यात शिकून आर्किटेक्ट झाले होते. भूकंपानंतर नवी गावं वसवायच्या कामात मला नोकरी लागली. टेबलावर बसून आम्ही सरळ रस्ते आखायचो, सारखे प्लॉट पाडायचो, आणि कागदावर ते फार नेटकं दिसायचं. गाव राहायला गेल्यावर मी तिथं गेले तर तिथली एक शेतकरीण चिडून मला म्हणाली, "शेजारणीला हाक मारली तर तिला ऐकू जात न्हाई. कुणी आखलं वो हे?" मी आखलं होतं. घरं मजबूत होती, ती म्हणत होती ते वेगळंच होतं. त्या कामात मी काही वर्षं काढली, आणि कागदाला हात लावायच्या आधी माणसांशी बोलायचं, ही सवय तिथं लागली. तिचा पुढं फारसा उपयोग झाला, असं मात्र म्हणता येणार नाही.

मग लातूर बदलायला लागलं. आमचे हे कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. घरच्या पुढच्या खोलीत चार पोरं यायची, ती चाळीस झाली. नोकरी सोडून ह्यांनी वर हॉल बांधला. हॉलच्या वर आम्ही मुलींसाठी खोल्या काढल्या. कॉलनीत सगळीकडं हेच चाललं होतं. बैठी घरं बघता बघता तीन मजली, चार मजली झाली. खाली मेस, वर होस्टेल, गच्चीवर पत्रे टाकून आणखी खोल्या. बिलोली, मुदखेड, शिरूर अनंतपाळ, कुठून कुठून पोरं येत होती, डॉक्टर व्हायला. गल्लीत दोन्ही बाजूंनी मोटारसायकली. मोकळ्या जागेत बांधकामाची खडी, फुटक्या फरश्या, मेसचं खरकटं. आमचं घर त्याच पैशावर चाललं होतं, त्यामुळं तक्रार कुणाकडं करणार?

आमच्याकडं वरच्या खोलीत बिलोलीची एक मुलगी होती. बारीक, बोलकी, मोठ्यानं पाठांतर करायची सवय असलेली. तिचे वडील गावात औषधाच्या दुकानात कामाला. रविवारी पहाटेच्या एस.टी.नं ते डबा घेऊन यायचे. मुलींच्या मजल्यावर पुरुषांना जायची मनाई, हा नियम आमचाच. एका रविवारी मी फाटकाबाहेर पाहिलं तर बापलेक दोन मोटारसायकलींच्या मधे उभे राहून जेवत होते. डब्याचं झाकण गाडीच्या सीटवर ठेवलेलं, त्यात लोणचं. वडील एक घास खायचे आणि गाडीचा मालक येतो का, ते बघायचे.

मी म्हणाले, "अहो, आत या ना. हॉलमध्ये बसा."

"न्हाई ताई, तिथं सरांचा क्लास चालू हाय. झालंच आमचं. पाच मिन्टाचं काम."

मुलगी हसून म्हणाली, "काकू, अख्ख्या लातुरात बसायला जागाच न्हाई. मंदिरात बसावं तर तिथले म्हणतात, दर्शन झालं ना, आता निघा."

मग माझं लक्ष तिकडंच जायला लागलं. दर रविवारी गल्लीभर अशी माणसं असायची. कुणी गटारीच्या कठड्यावर, कुणी बंद दुकानाच्या पायरीवर, कुणी झाडाच्या बुंध्याला टेकून. चांगल्या धुतलेल्या कपड्यांतली, दुरून आलेली, लेकराला भेटायला आलेली माणसं. घरमालक त्यांना पायरीवरून उठवायचे. आणि तिथंच समोर ती एवढी मोठी जागा उकिरडा होऊन पडली होती.

मी चाचांकडं गेले. त्यांना म्हणाले, "ती जागा साफ करून बसण्यासारखी करायची. लोकांना विचारून करायची."

चाचा म्हणाले, "लोक लई बोलतील, बेटा. काम कोण करील ते बघ." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातली दोन माणसं आणि हातगाडा पाठवला.

जागा साफ झाल्यावर मी कागदावर काही काढलं नाही. फक्की आणली आणि जमिनीवरच रेघा मारल्या, जशा खोखोच्या मैदानाला मारतात. इथं कट्टा, इथं वाट, इथं झाडं. मग रविवारी सगळ्यांना बोलावलं आणि म्हटलं, रेघांवर उभं राहून बघा, कसं वाटतं. लोक आले, मला वाटलं नव्हतं इतके आले. म्हाताऱ्या माणसांना चालायला वाट पाहिजे होती. मेसवाल्या काकूंना नळ पाहिजे होता. पोरांना क्रिकेट. मुली आधी बोलतच नव्हत्या. मग बिलोलीची म्हणाली, "आम्हाला अशी जागा पाहिजे काकू, की बसलो तर कुणी विचारू नये, का बसलात म्हणून." बाया हसल्या, पण मान सगळ्यांनी डोलावली.

बाई काठी टेकत आल्या. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. त्यांनी सगळ्या रेघा फिरून पाहिल्या आणि मधोमध लिंबाजवळ उभ्या राहिल्या. मी तिथं गोल पार काढला होता.

"हे पूस," त्या म्हणाल्या.

"का बाई? झाडाला पार शोभतो की."

"शोभू दे. मधे काही नको. पळत आलेल्या माणसाला अडखळायला नको. काय बसवायचं ते कडेनं बसव. आणि फाटक करू नको कुठं."

मी पायानं फक्की पुसली. तिथल्या तिथं सगळा बेत बदलला. कट्टे कडेनं, मधे नुसती जमीन आणि झाड. तिन्ही गल्ल्यांकडून आत यायला रुंद वाटा, कुठंच दार नाही. मला तो बेत माझ्यापेक्षा चांगला वाटला आणि आजही वाटतो.

नगरसेवक येऊन "करा, करा" म्हणून गेले. कट्ट्यांना लागणारी शहाबादी फरशी लोकांच्या गच्च्यांवर, परसात उरलेली होती, ती गोळा झाली. चाचांनी लोखंडी बाकं केली, एकमेकांकडं तोंड करून बसता येईल अशी. पोरं-पोरी क्लास सुटला की फरश्या उचलायला यायची. ह्यांनीही एकदा पँट दुमडून सिमेंट कालवलं आणि दोन दिवस कंबर धरून बसले. झाडं लावली. होस्टेलांच्या फिल्टरमधून जे पाणी वाया जायचं, ते पाइपनं झाडांना सोडलं.

त्यानंतरचे काही महिने चांगले गेले. रविवारी कट्ट्यांवर डबे उघडायचे आणि जागेभर लसणाच्या चटणीचा, तेलात परतलेल्या वांग्याचा वास यायचा. एकमेकांना न ओळखणारी माणसं एकमेकांचं पिठलं चाखायची. बिलोलीचे वडील आता मांडी घालून जेवायचे आणि जेवण झालं की लिंबाखाली गमछा तोंडावर घेऊन पडायचे. संध्याकाळी बाई बाकावर बसून पोरींचं इंग्रजी तपासायच्या. शिकवणं सुटून इतकी वर्षं झाल्यावर त्यांच्या आवाजात पुन्हा शाळेतली धार आली होती.

फक्त हे एकदा म्हणाले, "जागा छान झाली गं. पण पोरं क्लासला उशिरा यायला लागलीत."

मला ते गमतीनं म्हटल्यासारखं वाटलं. पण तेच वाक्य मग दुसरीकडून यायला लागलं. होस्टेलवाले म्हणाले, पोरं खाली टाइमपास करतात. क्लासवाले म्हणाले, मार्क घसरले. कुणाचा तरी वाढदिवस झाला, केक बाकाला फासला गेला, त्यावरून कटकट झाली. आणि मग एका दुपारी तो प्रकार घडला.

समोरच्या होस्टेलातल्या एका मुलीचे वडील न कळवता आले. मुलगी कट्ट्यावर बसली होती, सोबत तिच्या बॅचचे दोन मुलगे आणि आणखी दोन मुली, आणि कशावरून तरी सगळे हसत होते. वडील सरळ चालत आले आणि सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली. "यासाठी ठेवलंय का तुला हितं?" एवढंच म्हणाले. बाई काठी आपटत उठल्या, "मारू नका, मारू नका" म्हणाल्या. त्यांच्याकडं त्या माणसानं बघितलंही नाही. मुलगी रडली नाही, तिनं वही उचलली आणि त्यांच्या मागं गेली. त्याच आठवड्यात तिला गावाकडं नेलं.

कॉलनीची बैठक झाली. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, मितभाषी, सगळ्यांशी नीट वागणारे. ते म्हणाले, "जागेला कंपाउंड करू. फाटक लावू. वेळ ठरवू. कुणाच्या मुलीचं काही वाकडं व्हायला नको."

मी म्हणाले, "मारणारा बाप उघड्यावर मारून गेला. त्यात जागेची काय चूक?"

"चूक कुणाची म्हणत नाही मी. पण उद्या पालक म्हणतील, या कॉलनीत पोरी ठेवू नका. मग?"

खोल्या सगळ्यांनीच बांधल्या होत्या. बाईंचं घर तेवढं बैठं. त्या हात वर करून म्हणाल्या, "फाटक नको." अध्यक्ष नम्रपणे म्हणाले, "बाई, तुमच्या भावना समजतात," आणि ठराव झाला.

फाटकं करायचं काम चाचांना मिळालं. ते माझ्याकडं आले, व्हरांड्यात बसले, पाणी मागून प्यायले.

"मी नाही केलं तर दुसरा करंल, बेटा," ते म्हणाले.

"करा चाचा. मी काही म्हणणार नाही."

"तू म्हणणार नाहीस, म्हणून तर आलो." मग म्हणाले, "पोराचं दुकान हाय आता. होस्टेलच्या खाटांची सगळी ऑर्डर ह्याच लोकांची हाय."

जागेला कंपाउंड झालं आणि तिन्ही वाटांना फाटकं लागली. आधी सकाळ-संध्याकाळ उघडायची. मग दोन कायमची बंद झाली, तिसरं फक्त सकाळी उघडायचं, चालायला येणाऱ्यांसाठी. मग परीक्षेच्या काळात तेही बंद ठेवलं आणि परीक्षा झाल्यावर उघडायचं राहून गेलं. किल्ली अध्यक्षांकडं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, होस्टेलं रिकामी झाली. फिल्टरच बंद, तर झाडांना पाणी कुठलं? आम्ही लावलेली झाडं फाटकाच्या आत वाळून गेली. लिंब तेवढा राहिला. रविवारचे डबे पुन्हा मोटारसायकलींच्या मधे आले.

बिलोलीच्या मुलीचा डॉक्टरकीचा प्रवेश पहिल्या वर्षी थोडक्यात राहिला. ती दुसऱ्या वर्षासाठी परत आली, तेव्हा तिचं बोलणं कमी झालेलं. ती आता आमच्या जिन्यात बसून वाचायची. कुणी वर-खाली जायला लागलं की पाय आखडून घ्यायची. जिना अरुंद होता. मीच आखलेला, जेवढी जागा उरली होती तेवढ्यात.

त्या वर्षी एका दुपारी धक्का बसला. फार मोठा नव्हता. स्वयंपाकघरात ताटं वाजली, पंखा हलला, खालून ट्रक गेल्यासारखी गुरगुर झाली आणि थांबली. पण कॉलनीतल्या सगळ्या इमारती एकदम खाली उतरायला लागल्या. आधी वरून ओरडा, मग जिन्यांतून पायांचा आवाज. ह्यांच्या क्लासची पोरं, होस्टेलांची पोरं, मेसमधली हातात ताट घेतलेली पोरं, सगळी एकाच वेळी गल्लीत. गल्लीत मोटारसायकली उभ्या. पहिल्या काही पडल्या आणि मग रांगच पडत गेली. मी आमच्या घराच्या फाटकाशी उभी होते, मला पुढंही जाता येईना आणि मागंही येता येईना.

बाई तेव्हा व्हरांड्यातल्या खाटेवर आडव्या झाल्या होत्या. धक्का कळल्याबरोबर त्या निघाल्या असणार. त्या वयात, काठी न घेता. मोकळ्या जागेच्या फाटकापर्यंत पोचल्या, आणि फाटकाला कुलूप. दोन्ही हातांनी गज धरून त्या फाटक हलवत होत्या. "कुलूप काढा! अरे कुलूप काढा!" मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. मागून गर्दी आली. कुणी मुद्दाम काही केलं नाही. सगळ्यांनाच त्या मोकळ्या जागेत जायचं होतं. काही पोरं फाटकावर चढून आत उड्या टाकत होती. त्या रेट्यात बाई खाली गेल्या.

मी पोचले तोवर बिलोलीच्या मुलीनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती दोन्ही हात पसरून "मागं व्हा, मागं व्हा" म्हणून किंचाळत होती. अध्यक्ष मुलाकडं पुण्याला गेलेले, किल्ली त्यांच्या कपाटात. चाचांच्या मुलानं ग्राइंडर आणून कुलूप कापलं. तोवर जमीन कधीच शांत झाली होती. फाटक उघडल्यावर सगळी पोरं आत गेली आणि लिंबाभोवती उभी राहून घरी फोन लावायला लागली. काही जण व्हिडिओ काढत होते. त्यांच्या पायांना अडखळायला मधे काहीच नव्हतं.

बाईंचा खुबा मोडला होता. लातूरला ऑपरेशन झालं. नंतर त्यांना सांभाळणारं कुणी नाही म्हणून त्यांच्या भावाचा मुलगा त्यांना नांदेडला घेऊन गेला. त्यानं मनापासून केलं, त्याला बोल लावता येणार नाही. माझं माहेर नांदेडचंच, त्यामुळं मी त्यांना भेटायला जायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा जिने चढून वर पोचले. चौथ्या मजल्यावर फ्लॅट. खाट खिडकीशी, खिडकीला लोखंडी जाळी.

बाई मला म्हणाल्या, "बघ, कुठं आणून ठेवलंय. मजला मोजलास का?"

"बाई, बरं वाटलं की परत चला. माझ्याकडं राहा."

"बरं वाटायचं काय राहिलं आता?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "फाटकाचं काय झालं?"

"बैठक आहे पुढच्या आठवड्यात. मी बोलणार आहे. आता उघडतील, बाई. इतकं झाल्यावर तरी उघडतीलच."

"उघडतील गं," त्या म्हणाल्या. "आणि परत लावतील." मग त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं.

त्यांचं तेवढंही खरं झालं नाही. फाटक उघडलंच नाही. बैठकीत मी बोलले, बाईंचं नाव घेऊन बोलले, काही बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण अध्यक्षांना धक्का वेगळाच बसला होता. ते म्हणाले, "त्या दिवशी आत जी गर्दी झाली ती बघितली का? उद्या तिथं चेंगराचेंगरी झाली तर जबाबदार कोण? मोकळी जागा ठेवणंच धोक्याचं आहे." कुणीतरी म्हणालं, तिथं अभ्यासिका करू. खांबांवर उचललेलं पत्र्याचं मोठं शेड, टेबलं, वाय-फाय. पोरं शांत बसतील, कॉलनीला उत्पन्न होईल, खाली गाड्या लावता येतील. ज्या मेसवाल्या काकूंनी नळ मागितला होता त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. पण गाड्यांचा लई तरास हाय हो."

मी महापालिकेत गेले. तिथले इंजिनिअर भले होते, चहा पाजला, ले-आउटचा नकाशाही काढून दाखवला. "जागा बागेसाठीची आहे, हे तुमचं बरोबर आहे मॅडम. पण अभ्यासिका म्हणजेही लोकांच्याच उपयोगाची. आणि वरून फोन आलाय. मी काय करू?" मी पुन्हा दोनदा गेले. तिसऱ्या खेपेला त्यांची बदली झाली होती.

बाई पावसाळ्यात गेल्या. मी गोदावरीच्या घाटावर गेले होते, लातूरहून आलेली मी एकटीच. अभ्यासिकेचं काम त्याच महिन्यात सुरू झालं. पाया खणताना लिंबाची मुळं तुटली. झाड धोकादायक झालं म्हणून ते काढलं. बाकं चाचांच्या मुलानं भंगारात घेतली. उद्घाटनाला नगरसेवक आले आणि त्यांनी भाषणात ‘ही जागा वर्षानुवर्षं उकिरडा म्हणून पडून होती’ असं सांगितलं. मी गॅलरीत उभी होते. हे शेजारी येऊन म्हणाले, "सोड आता. माझीच निम्मी पोरं तिथं बसून अभ्यास करणार आहेत. काहीतरी उपयोग होतोय ना?" ते चुकीचं बोलत नव्हते, आणि मी दमले होते.

बिलोलीच्या मुलीचा प्रवेश दुसऱ्या वर्षीही राहिला. ती नांदेडला बी.एस्सी.ला गेली, आता मुदखेडला एका शाळेत विज्ञान शिकवते. कधीतरी फोन करते. माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, तिच्या लेकराचं सांगते.

त्यानंतर सार्वजनिक असं कुठलंही काम मी घेतलं नाही. पोटापुरती होस्टेलांचीच कामं यायची. मी एकच अट घालायला लागले: प्रत्येक इमारतीला दुसरा जिना पाहिजे, रुंद, थेट बाहेर निघणारा. मालक ऐकून घ्यायचे, हिशोब करायचे, मजल्यावरची एक खोली जाते म्हणायचे, आणि दुसऱ्या कुणाकडं जायचे. लातुरात माझी कामं जवळजवळ थांबली.

नांदेडमध्ये क्लासचं वारं जोरात सुरू झालं तेव्हा तिथल्या एका मालकानं मला बोलावलं. मुलींचं होस्टेल. मी अट सांगितली. तो माणूस जरा विचार करून म्हणाला, "काढा मॅडम. माझीबी पोरगीच हाय." मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, इतकी मी खूश झाले होते. इमारत चांगली झाली. मागचा जिना मी अगदी बाईंच्या नजरेनं आखला. पायऱ्या कमी उंचीच्या, वळणावर उजेड, खाली दार थेट रस्त्याकडं.

मागच्या वर्षी माहेरी गेले होते, तेव्हा सहज तिथं डोकावले. वॉर्डनबाईंना ओळख सांगितली, वर गेले. मागच्या जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी बसवलेली. जाळीला कुलूप. पलीकडं पायऱ्यांवर जुन्या गाद्या, पाण्याचे रिकामे जार, मोडकी खुर्ची.

"हे बंद का?" मी विचारलं.

"पोरी तिकडून बाहेर जातेत ना मॅडम. साहेबांनी सांगितलंय, बंदच ठेवा."

"आणि हादरा बसला तर?"

"हितं न्हाई बसत," त्या समजूत काढल्यासारखं म्हणाल्या. "ते तिकडं लातूरला."

"किल्ली कुठाय?"

"साहेबांकडं असंल. का, काही काम होतं का तिकडं?"

मी काही काम नाही म्हणाले. पुढच्या जिन्यानं खाली उतरायला लागले. क्लास नुकताच सुटला होता आणि पोरी पाठीला बॅगा लावून वर येत होत्या. मला वाट द्यायला एकेक जण भिंतीला चिकटून उभी राहत होती. खाली पोचायला बराच वेळ लागला.